भावाला उत्तर कोण देणार?

शिरूरच्या किंवा दौंडच्या एखाद्या सुपर मार्केटात गर्दीच्या वेळी बिलाच्या काउंटरजवळ थोडा वेळ उभं राहिलं, की एक वाक्य हमखास कानावर पडतं : "सिस्टीममध्ये हाच भाव दाखवतंय." रॅकवरच्या चिठ्ठीवर तेलाची पिशवी पंधरा रुपयांनी स्वस्त लिहिलेली असते आणि बिलात ती सूट आलेली नसते. ग्राहक बाई चिठ्ठीकडे बोट दाखवतात, काउंटरवरची मुलगी स्क्रीनकडे. मागची रांग कुरकुरायला लागते. शेवटी "जाऊ द्या" म्हणत बाई पैसे देतात आणि पिशवी उचलतात.

रक्कम दहा-पंधरा रुपयांची असते, पण मनातली चीड तेवढ्या रकमेची नसते. हा भाव ठरवला कुणी, तो चुकला असेल तर दुरुस्त कोण करणार, आणि तिथं उभ्या असलेल्या एकाही माणसाला ते का सांगता येत नाही, या प्रश्नांची ती चीड असते. पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरचं शिरूर, भीमेकाठचं दौंड, रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींभोवती वाढलेली गावं, या पट्ट्यात महिन्याचा किराणा भरण्याची रीत एका पिढीत बदलली. त्या बदलात आपण काय मिळवलं, काय गमावलं आणि जे गमावलं त्यातलं काय परत मागता येतं, ते या प्रकरणात पाहू.

रेघांमध्ये भाव नसतो

बारकोडबद्दलचा सगळ्यांत मोठा गैरसमज असा, की त्या काळ्या रेघांमध्ये वस्तूची किंमत लिहिलेली असते. तशी ती नसते. आपल्याकडच्या पाकिटांवर साधारणपणे १३ अंकी बारकोड असतो. त्यात वस्तूची फक्त ओळख असते. सुरुवातीचे ८९० हे तीन अंक सांगतात, की ती कंपनी भारतातल्या 'जीएसवन इंडिया' या संस्थेकडे नोंदलेली आहे. वाणिज्य मंत्रालय आणि उद्योगसंघटनांच्या पुढाकाराने १९९६ मध्ये स्थापन झालेली ही संस्था भारतातल्या कंपन्यांना असे क्रमांक देते. माल भारतातच बनला, असं मात्र ८९० वरून सिद्ध होत नाही. पुढचे अंक कंपनी आणि वस्तू ओळखण्यासाठी असतात. शेवटचा एक अंक पडताळणीचा.

हा पडताळणीचा अंक घरी बसून तपासता येतो. समजा, क्रमांक ८९०१२३४५६७८९० असा आहे. पहिल्या बारा अंकांपैकी पहिला, तिसरा, पाचवा अशा विषम जागांवरचे अंक मिळवा : बेरीज येते २८. सम जागांवरच्या अंकांची बेरीज ३४, तिला तीनने गुणलं की १०२. दोन्ही मिळून १३०. ही बेरीज दहाच्या पटीत आणायला जो अंक मिळवावा लागतो तो शेवटचा अंक. इथे बेरीज आधीच दहाच्या पटीत आहे, म्हणून शेवटी शून्य. आता हाताने आकडे टाकताना काउंटरवर ८ आणि ९ यांची अदलाबदल झाली, तर बेरीज १२८ येते. शेवटी २ हवा होता आणि आहे शून्य. यंत्र लगेच नकार देतं. कोड वाचण्यात चूक होण्याचा संभव म्हणूनच फार थोडा असतो.

मग भाव येतो कुठून? तो येतो दुकानाच्या स्वतःच्या संगणकातून. यंत्र रेघा वाचतं, क्रमांक ओळखतं आणि दुकानाच्या यादीत त्या क्रमांकासमोर जी किंमत नोंदलेली असेल ती उचलून बिलात टाकतं. ती नोंद माणसाने केलेली असते. कधी दुकानाच्या कार्यालयात, कधी दूरच्या शहरातल्या मुख्यालयात. रॅकवरची चिठ्ठी दुसरंच कुणी लावतं. सूट संपल्यावर संगणकातला भाव बदलला आणि चिठ्ठी तशीच राहिली, किंवा चिठ्ठी आधी लागली आणि नोंद मागे राहिली, तर काउंटरवर वाद ठरलेलाच. काउंटरवरच्या मुलीला ती नोंद बदलण्याचा अधिकार बहुतेक ठिकाणी नसतो. तिचं "सिस्टीममध्ये हाच भाव दाखवतंय" हे उत्तर प्रामाणिक असतं, पण त्याने प्रश्न सुटत नाही.

सुट्या मालाची गोष्ट आणखी वेगळी. कांदे, बटाटे, डाळ वजन करून घेतली, की काट्यातून चिठ्ठी निघते. तिच्यावरचा कोड बहुधा २ या अंकाने सुरू होतो. हे क्रमांक दुकानाच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवलेले असतात आणि त्यांत मात्र वजन किंवा रक्कम खरोखर भरलेली असते. म्हणून सुट्या मालाच्या बाबतीत तपासायची जागा बदलते. तिथे काटा आणि त्यात निवडलेलं मालाचं नाव पाहायचं. साध्या तांदळाऐवजी महागड्या तांदळाचं बटण दाबलं गेलं, तर पुढचं सगळं यंत्र बिनचूक चालूनही बिल चुकीचंच येतं.

या सगळ्याची सुरुवात अमेरिकेत झाली. नॉर्मन जोसेफ वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर या दोघांनी १९४९ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५२ मध्ये त्यांना ते मिळालं. मायामीच्या समुद्रकिनाऱ्यावर बसलेल्या वुडलँडने मोर्स लिपीतले ठिपके आणि रेषा वाळूत बोटांनी खाली ओढल्या आणि त्याला जाड-बारीक रेघांची कल्पना सुचली. ती बाजारात यायला मात्र दोन तपं गेली. आयबीएममधल्या जॉर्ज लॉररने आजच्या रेघांच्या पट्टीचा आराखडा तयार केला. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावात, मार्श सुपर मार्केटमध्ये, ६७ सेंटचं च्युइंगगमचं पाकीट पहिल्यांदा यंत्रावरून सरकलं.

एकच भाव : गरिबाचीही गरज

बारकोडवर रागावताना जुन्या वाणसामानाच्या दुकानाची आठवण हमखास निघते. कागदाची पुडी, वर टाकलेली चिमूटभर साखर, लहान मुलाच्या हातावर ठेवलेला गुळाचा खडा आणि "असू द्या, पुढच्या बाजारी द्या" हे शब्द. त्या आठवणी खऱ्या आहेत. हंगाम हाती येईपर्यंत, उसाचं बिल निघेपर्यंत या भागातली कितीतरी घरं वाण्याच्या वहीवर जगली. कोणत्याही यंत्राने अशी पत आजवर कुणाला दिलेली नाही.

त्या दुकानाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. खात्यावरच्या गिऱ्हाइकाला भाव वेगळा लागायचा, कारण उधारीचं व्याज भावातच मिसळलेलं असायचं. ज्याला वाचता येत नव्हतं त्याच्या नावावर वहीत काय मांडलंय, ते त्याला कळायचा मार्ग नव्हता. निम्मं चिपटं, चिपटं, मापटं, शेर, पायली अशी धान्याची मापं चालत, तेव्हा माप शिगोशीग भरायचं की हाताने सपाट करायचं, हे मापणाऱ्याच्या मर्जीवर असे. 'मापात पाप' हा शब्दप्रयोग अनुभवातूनच आला. कुणाला ओट्यावर बसवायचं आणि कुणाच्या झोळीत लांबून माल टाकायचा, हे जात पाहून ठरणारी दुकानंही याच मुलखात होती. चेहरा ओळखणारा भाव सगळ्यांशी दयाळू नव्हता.

म्हणून 'एकच भाव' ही पाटी एक सामाजिक सुधारणा होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पॅरिसमध्ये 'बाँ मार्शे' या दुकानात आरिस्तिद बुसिको याने आणि पुढे फिलाडेल्फियात जॉन वॉनामेकरने वस्तूवर किंमत लिहून ती सगळ्यांना सारखी लावण्याची रीत रुजवली. १९१६ मध्ये मेम्फिसमध्ये क्लॅरेन्स सॉन्डर्सच्या 'पिगली विगली' दुकानाने ग्राहकाला टोपली हातात देऊन आत सोडलं, आणि स्वतः निवडून घेण्याची पद्धत सुरू झाली. महाराष्ट्रात १९४८ मध्ये मुंबईतल्या नायगावला कामगारांच्या सहकारातून 'अपना बाजार' उभा राहिला. ठरलेला भाव आणि बरोबर वजन हे कामगार कुटुंबांचं संरक्षण होतं. लहान मुलाला पाठवलं तरी त्याला मोठ्या माणसाच्याच भावात माल मिळायला हवा, हा त्यामागचा न्याय.

सुपर मार्केटने हा न्याय आणखी सोपा केला. रांजणगावच्या कारखान्यात काम करायला बिहार-ओडिशातून आलेल्या मुलाला किंवा शेतमजूर बाईला दोन वस्तू हातात घेऊन, उलटसुलट पाहून, काही न घेता बाहेर पडता येतं. कुणी नाव विचारत नाही. हे स्वातंत्र्य मोठं आहे आणि ते जपायला हवं. आपली तक्रार एका भावाविरुद्ध असण्याचं कारण नाही. भाव ठरलेला असावा, दिसेल असा लिहिलेला असावा, आणि त्याला उत्तर देणारं माणूस समोर असावं, या तीन गोष्टींपैकी पहिली आपल्याला मिळाली आहे. दुसरी अर्धी मिळाली. तिसरी निसटली.

वेष्टनावरची किंमत : भारताकडे असलेलं हत्यार

अमेरिकेत बारकोड आला तेव्हा दुकानदारांना प्रत्येक डब्यावर किंमत चिकटवण्याची गरज उरली नाही. ग्राहक आणि दुकानातल्या कामगारांच्या संघटना याविरुद्ध उभ्या राहिल्या. ग्राहकांना भाव दिसेनासा होण्याची भीती होती, कामगारांना चिठ्ठ्या लावण्याचं काम जाण्याची. काही राज्यांनी कायदेच केले. मिशिगन राज्यात १९७६ च्या कायद्याने २०११ पर्यंत बहुतेक प्रत्येक वस्तूवर किंमत लावणं सक्तीचं होतं. यंत्राने जास्त पैसे घेतले तर ग्राहकाला फरकाची रक्कम आणि वर त्या फरकाच्या दहापट, किमान १ आणि कमाल ५ डॉलर, भरपाई मागता येत असे.

त्या ग्राहकांना ज्यासाठी झगडावं लागलं ते आपल्याकडे पाकिटावर छापूनच येतं. १९७७ च्या नियमांनी आवेष्टित वस्तूंवर वजन, किंमत, उत्पादकाचं नाव-पत्ता अशी माहिती सक्तीची केली. पुढे सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, म्हणजे एमआरपी, छापणं आलं. आज हे सगळं वैध मापनशास्त्र अधिनियम २००९ आणि त्याखालच्या २०११ च्या नियमांनुसार चालतं. एमआरपीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही. एकसारख्याच पाकिटावर दोन ठिकाणी दोन वेगळ्या एमआरपी छापायलाही २०१८ पासून मनाई आहे.

या हत्याराच्या मर्यादाही ओळखायला हव्यात. एमआरपी सरकार ठरवत नाही, ती उत्पादक छापतो. किंमत चढी छापून मग "३० टक्के सूट" असा फलक लावता येतो. म्हणून सुटीच्या आकड्यापेक्षा हातातून जाणारे पैसे आणि पिशवीत येणारं वजन, या दोनच गोष्टी खऱ्या मानायच्या.

वजन पाहणं आता पूर्वीपेक्षा जास्त गरजेचं झालं आहे. पूर्वी चहा, बिस्किटं, खाद्यतेल, साबण अशा काही वस्तू ठरावीक वजनाच्याच पाकिटांत विकाव्या लागत. २०२१ च्या दुरुस्तीने ते बंधन गेलं. आता दिसायला तेवढीच असलेली पिशवी वजनाला कमी असू शकते. एक लिटर खाद्यतेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. समजा, अशी पिशवी १५० रुपयांना आहे आणि शेजारी तशीच दिसणारी ८४० ग्रॅमची पिशवी १४२ रुपयांना. आठ रुपये वाचले असं वाटतं. हिशेब केला तर पहिली किलोला सुमारे १६५ रुपये पडते आणि दुसरी १६९. स्वस्त वाटलेली पिशवीच महाग निघाली. ज्या दुरुस्तीने ठरावीक वजनांचं बंधन काढलं, तिनेच त्यावरचा उताराही दिला : पाकिटावर एकक विक्री किंमत छापायची. एक किलोपेक्षा कमी मालाला ग्रॅममागे किती पैसे, त्याहून जास्त असेल तर किलोमागे किती रुपये. बारीक अक्षरातला हा आकडा एमआरपीच्या आसपास असतो. वरच्या उदाहरणात तो पहिल्या पिशवीवर ग्रॅमला १६ पैसे आणि दुसरीवर १७ पैसे असा दिसेल. पाकिटावरचा सर्वांत उपयोगी आकडा हाच आहे.

अडचण एकच, आणि ती मोठी आहे. ही सगळी माहिती हिंदीत किंवा इंग्रजीत देण्याची सक्ती आहे, मराठीची नाही. प्रत्यक्षात बहुतेक पाकिटांवर ती इंग्रजीत आणि बारीक टायपात असते. शिरूर-दौंडच्या वाड्यावस्त्यांवरच्या आजीला तिच्या हक्काची माहिती तिच्या हातात असूनही वाचता येत नाही.

कांदा विकताना आणि कांदा घेताना

या भागातल्या माणसाचं भावाशी नातं दुहेरी आहे. तो पिकवतो आणि विकतही घेतो. दौंड तालुक्यातल्या केडगावच्या उपबाजारात कांद्याचा लिलाव होतो तेव्हा शेतकरी मालाशेजारी उभा असतो. व्यापारी मूठभर कांदा उचलून पाहतात, बोली चढते किंवा रखडते. भाव शेतकऱ्याच्या हातात नसतो. पुष्कळदा तो पडलेला असतो आणि गाडीभाडंही सुटत नाही. पण तिथं बोली लावणारा माणूस डोळ्यांसमोर असतो. भाव पटला नाही तर माल परत नेता येतो. फारच अन्याय झाला तर शेतकरी एकत्र येऊन लिलाव बंद पाडतात, बाजार समितीला जाब विचारतात.

उसाचंही तसंच. रास्त आणि किफायतशीर दर केंद्र सरकार ठरवतं, साखर उताऱ्यावर तो पुढे सरकतो आणि वजनाचा प्रश्न उरतो काट्यावर. 'काटामारी' हा शब्द इथल्या प्रत्येक ऊस उत्पादकाला माहीत आहे. कारखान्यात नेण्याआधी बाहेरच्या काट्यावर वजन करून घेऊ द्या, या मागणीसाठी शेतकरी संघटना वर्षानुवर्षं भांडत आल्या. टनामागच्या वजनावर संशय घ्यायला आणि तो उघड बोलून दाखवायला इथला माणूस घाबरत नाही.

तोच माणूस सुपर मार्केटात शिरला की गप्प होतो. त्याच्याच तालुक्यातला कांदा तो चिठ्ठीवर छापलेल्या भावाने घेतो, त्याच्याच उसाची साखर बारकोडच्या पाकिटातून उचलतो. बिल न वाचता घडी करून खिशात ठेवतो. गारेगार हवा, चकचकीत फरशी, गणवेशातली मुलं आणि इंग्रजी पाट्या यांनी तो बुजतो. लिलावात त्याला समोर माणूस दिसत होता, इथे फक्त पडदा दिसतो आणि पडद्याशी भांडायचं कसं ते कुणी शिकवलेलं नाही. काउंटरवर बसलेली मुलं बहुधा आसपासच्याच गावांतली, पगार बेताचा, दिवसभर उभं राहून काम. त्यांच्यावर ओरडून काही साधत नाही, आणि ते योग्यही नाही. जाब विचारायचा तो दुकानाला.

याच काउंटरवर आणखी एक प्रश्न येतो : "मोबाइल नंबर सांगा." आपण तो सवयीने सांगतो. दुकानाला आपण काय, किती, कधी घेतो याची नोंद त्यातून मिळते. जुना वाणीही आपलं घर ओळखून होता, पण आपणही त्याचं घर ओळखत होतो. इथे ओळख एकाच बाजूची आहे. बिल देण्यासाठी ग्राहकाला नंबरची सक्ती करू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये किरकोळ विक्रेत्यांना कळवलं आहे. "नंबर देणार नाही, बिल द्या" असं शांतपणे म्हणता येतं.

ग्राहकाच्या हातात काय आहे

पुण्याला या बाबतीत मोठा वारसा आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. शेजारच्या कुटुंबांनी संघ करून महिन्याचा माल एकत्र मागवायचा, ही तिची पद्धत. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतरचा आहे. चळवळ आधी आली, कायदा मागून.

आज चालू असलेला २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. किमतीबद्दल ग्राहकाची दिशाभूल करणं आणि बिल न देणं, या दोन्ही गोष्टी त्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरतात. रॅकवर एक भाव आणि बिलात दुसरा, हा प्रकार वारंवार होत असेल तर तक्रारीला जागा आहे. तक्रार जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते. दुकानाचं मुख्यालय कुठेही असो, शिरूरच्या ग्राहकाला पुण्याच्या आयोगापलीकडे जावं लागत नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. अनेक तक्रारी तिथेच मिटतात.

वजनाबद्दल शंका असेल तर २०११ च्या नियमांत एक कमी माहीत असलेली तरतूद आहे. करनोंदणी असलेल्या किरकोळ दुकानदाराने ग्राहकांना पाकिटाचं वजन फुकट तपासता यावं म्हणून दर्शनी जागी इलेक्ट्रॉनिक काटा ठेवायचा असतो. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैध मापनशास्त्र खात्याकडून दरवर्षी पडताळणी आणि मुद्रांकन व्हावं लागतं. तो काटा कुठे आहे, हे विचारण्यात काहीही संकोच वाटून घेऊ नये. उसाच्या वजनकाट्यावर जे आपण विचारतो तेच हे.

दुकानदारांकडूनही काही मागायला हवं. रॅक आणि बिल यांच्या भावांत फरक निघाला तर कमी असलेला भाव लावायचा, हा नियम दुकानाने स्वतः पाटीवर लिहावा. भाव दुरुस्त करण्याचा अधिकार असलेलं एक माणूस दुकान उघडं असेपर्यंत हजर असावं आणि त्याचं नाव काउंटरजवळ लावलेलं असावं. रॅकवरच्या चिठ्ठ्या ठळक मराठीत असाव्यात आणि त्यांवर किलोमागचा दरही असावा. यातल्या कशालाही नवं यंत्र लागत नाही.

बारकोड जाणार नाही आणि तो जायची गरजही नाही. गावच्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या भाव विचारणाऱ्या माणसांनी काउंटरपुढे मुकं होण्याचंही कारण नाही. पुढच्या वेळी बिल हातात आलं की दारातून बाहेर पडण्याआधी ते वाचा, पाकिटावरच्या किमतीशी ताडून पाहा, आणि फरक दिसला तर रांग कितीही कुरकुरली तरी विचारा : हा भाव कुणी लावला, त्यांना बोलवा.